गोष्ट न सुचलेल्या दिवसाची गोष्ट

प्रिय वृंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सगळं वाचलं, पण मन अडकलं ते सईच्या परिच्छेदापाशी. तिला रोज रात्री नवी गोष्ट हवी, कालची सुरू केली तर ती पहिल्याच वाक्याला ओळखते, आणि तुझ्याकडच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सांगून झाल्या. म्हणून हल्ली तू फोनवर गोष्ट लावून देतेस आणि तिच्या शेजारी नुसती पडून राहतेस. 'माझ्यातली गोष्टच आटली गं,' असं लिहिलंयस. वाचून वाईट वाटलं आणि लगेच एका टीव्ही मालिकेतला एक माणूस आठवला. त्याचीही गोष्ट अशीच आटली होती, आणि त्याच्या तर जिवावर बेतलं होतं. त्याच्याबद्दल तुला नीट, बैजवार सांगायचंय, म्हणून हे लांबलचक पत्र.

जिम हेन्सन तुला माहीत आहे, बाहुल्यांच्या 'द मपेट शो'वाला. कर्मिट बेडूक ज्याच्या हातात जिवंत व्हायचा तो. 1987-88 मध्ये त्यानं 'द स्टोरीटेलर' नावाची मालिका केली. भाग अवघे 9, आणि प्रत्येकात युरोपातली एक स्वतंत्र लोककथा. कल्पना मुळात त्याच्या मुलीची, लिसाची. तिनं हार्वर्डमध्ये लोककथा आणि पुराणकथांचा अभ्यास केला होता. लेखन अँथनी मिंघेलाचं. पुढे 'द इंग्लिश पेशंट'च्या दिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालं तोच हा. पहिल्या भागाला, 'हान्स माय हेजहॉग'ला, मुलांच्या कार्यक्रमासाठीचं एमी मिळालं.

प्रत्येक भागाची मांडणी एकच. शेकोटी पेटलेली आहे, शेजारी एक म्हातारा बसलाय. भलंमोठं नाक, भलेमोठे कान, विस्कटलेले लांब केस. हा जॉन हर्ट. सईला पुढेमागे हॅरी पॉटर दाखवशील तेव्हा जादूच्या छड्या विकणारा ऑलिव्हँडर दिसेल, तोही हाच. आणि त्याच्याजवळ एक बोलणारा कुत्रा. म्हणजे बाहुलीच, पण पाचव्या मिनिटाला तू ते विसरतेस. कुत्र्याला आवाज आणि हालचाल दिलीय जिमच्या मुलानं, ब्रायननं. म्हातारा सांगतो आणि कुत्रा ऐकतो. पण मुकाट्यानं नाही. तो मध्येच तोंड घालतो, शंका काढतो, घाबरतो, पुढचं आधीच ओळखू पाहतो, 'असं कसं होईल?' म्हणून अडवतो. म्हातारा कधी त्याला गप्प करतो, कधी त्याच्या शंकेचाच धागा धरून पुढे जातो. या कुत्र्याकडे मी पुन्हा येणार आहे, त्याला लक्षात ठेव.

बाकीच्या भागांत म्हातारा दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतो. 'अ स्टोरी शॉर्ट' या भागात तो स्वतःची सांगतो.

दिवस दुष्काळाचे, उपासमारीचे. हा रस्त्यावर आलेला, पोटात अन्नाचा कण नाही. फिरत फिरत राजाच्या मुदपाकखान्यापाशी येतो. तिथला आचारी निर्दय, भुकेल्या माणसाला दारात उभं करत नाही. याच्याकडे मागायला तोंड नाही आणि विकायला काही नाही. मग हा रस्त्यातला एक दगड उचलतो आणि सांगतो, मला या दगडाचं सूप करता येतं.

दगडाच्या सुपाची गोष्ट तू ऐकलेली असशील, ती जगभर फिरलेली आहे. लोककथांचे प्रकार लावणाऱ्या अभ्यासकांच्या सूचीत तिला 1548 असा स्वतःचा क्रमांकच आहे. पण या भागात ती ज्या जागी बसवली आहे तिथे तिचा अर्थच पालटतो. दगड पाण्यात पडतो, पाणी उकळायला लागतं. झकास होणार, फक्त चिमूटभर मीठ असतं तर! मीठ येतं. मग आणखी एक जिन्नस, मग आणखी एक. आचारी आपल्याच कोठीतून एकेक वस्तू काढून आणतोय, आपल्याच हातानं हंड्यात टाकतोय, आणि त्याला वाटतंय की चमत्कार दगडाचा आहे. शेवटी सूप खरोखरच अप्रतिम होतं. तसं ते होणारच होतं.

वृंदा, गोष्ट कशी चालते हे याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. सांगणाऱ्यानं आत टाकला तो फक्त दगड. 'एका जंगलात एक राक्षस राहायचा' एवढंच तो म्हणतो. जंगलातला काळोख, राक्षसाचा वास, त्याच्या पायांचा आवाज, हे सगळं ऐकणारा आपल्या कोठीतून आणतो. सईचा राक्षस तुझ्या राक्षसासारखा दिसत नसणार. तिनं तो स्वतः शिजवलाय. सांगणाऱ्याचं कसब एवढंच, की ऐकणाऱ्याला आपण काही देतोय असं जाणवू न देता त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं, आणि मग ते त्यालाच वाढायचं. आणि त्या मुदपाकखान्यात तर एका भुकेल्या माणसानं निव्वळ बोलण्याच्या जोरावर बंद कोठी उघडायला लावली. गोष्टीची ताकद म्हणतात ती मला तिथे दिसते.

पण आचाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. आपण फसलो हे कळल्यावर तो खवळतो आणि मागणी करतो की या माणसाला उकळत्या तेलात टाका. राजाला मात्र गंमत वाटलेली असते. तो म्हणतो, वर्षभर रोज मला एक गोष्ट सांग. प्रत्येक गोष्टीला सोन्याचं एक नाणं. एक दिवस जरी चुकलास तर आचाऱ्याची कढई आहेच.

आता आपल्याला इथे 'अरेबियन नाइट्स'मधली शहराजाद आठवते, आणि तुला तर नक्कीच आठवली असेल. पण तिच्या हातात एक हुकमी शस्त्र होतं. पहाट झाली की ती गोष्ट अर्धी सोडायची. पुढे काय, या एका प्रश्नावर ती रात्रीमागून रात्र जगली. वेताळाचं आणखीच वेगळं. तिथे सांगणारा खांद्यावर निवांत लटकतोय आणि जीव टांगणीला लागलाय तो ऐकणाऱ्याचा. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. या आपल्या म्हाताऱ्याला यातली एकही सोय नाही. त्याला रोज गोष्ट पुरी करावी लागते आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीनं उभं राहावं लागतं. तुझ्यासारखंच.

वर्ष छान जातं. शेवटचा दिवस उजाडतो. हा जागा होतो आणि डोक्यात काहीच नाही. सुरुवात नाही, माणूस नाही, जंगल नाही. मालिकेतली भुतं आणि राक्षस पाहताना मला भीती वाटली नाही, ती या रिकाम्या सकाळी वाटली. रोज जे आपोआप येत होतं ते आज का येत नाही, याला काही कारणच नसतं. आचारी मात्र खुशीत असतो.

आणि अशा दिवशी त्याला एक भिकारी भेटतो. भिकारी म्हणतो, चल, फासे खेळू. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो माणूस खेळायलाच बसणार. वर्षभर साठवलेलं सोनं जातं. मग आहे नाही ते सगळं जातं. मग तो बायकोला पणाला लावतो. (द्यूताचं ते दृश्य आपल्या रक्तात इतकं भिनलंय की त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला, तुझ्याही पडेल.) तीही जाते. मग उरतो तो स्वतः, आणि तो स्वतःलाही हरतो. भिकारी त्याला ससा करून टाकतो आणि त्याच्यामागे लागतो. ज्याच्या शब्दावर राजा वर्षभर खिळून बसायचा, तो आता जीव घेऊन धावतोय आणि त्याच्या तोंडून शब्दही फुटू शकत नाही.

या सगळ्यातून तो सुटतो. पण तोवर दिवस मावळलेला आणि राजा गोष्टीची वाट पाहतोय. आणि राजापुढे उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपल्याकडे गोष्ट आहे. आज सकाळी मी उठलो आणि मला एकही गोष्ट सुचेना, अशीच ती सुरू होते.

मी हा भाग पुन्हा पुन्हा पाहिलाय, आणि आता माझं ठाम मत असं झालंय की सुरुवातीचं सूप आणि शेवटचे फासे हा एकच प्रसंग दोनदा घडलाय. पहिल्या वेळी एक भुकेला माणूस आचाऱ्याच्या कोठीतलं सगळं गोड बोलून काढून घेतो. दुसऱ्या वेळी एक भिकारी येऊन त्याच माणसाच्या कोठीतलं सगळं काढून घेतो: सोनं, बायको, अंगावरचं माणूसपणसुद्धा. वर्षभर तो दगड टाकत आला आणि दुसऱ्यांनी भाज्या आणल्या. शेवटच्या दिवशी त्याच्याकडे दगडही नव्हता, तेव्हा त्याला स्वतःच हंड्यात उतरावं लागलं. म्हणून ती वर्षातली सगळ्यात चांगली गोष्ट झाली असणार असं मला वाटतं.

या भागामागची मूळ कथा आयर्लंडची. जोसेफ जेकब्जनं 1892 मध्ये केल्टिक परीकथांचा संग्रह काढला, त्यात ती आहे. तिथे लेन्स्टरचा राजा आहे आणि त्याला रोज रात्री नवी गोष्ट लागते. तिथेही भिकारी, फासे, ससा, सगळं आहे, आणि सशामागे लागतात ती त्या कथेकऱ्याची स्वतःचीच शिकारी कुत्री. शेवटी उलगडा होतो की भिकारी म्हणजे अँगस, जुन्या आयरिश देवांपैकी एक, आणि तो याची अडचण ओळखून मदतीलाच आला होता. लुटणं हीच मदत होती! आणि तिच्या शेवटावर माझा फार जीव आहे. राजाला ती गोष्ट इतकी आवडते की तो पुढे रोज रात्री तीच ऐकतो, नवी गोष्ट म्हणून मागत नाही. सईलाही एखादी गोष्ट अशी लागणार आहे बघ. मग तू सुटलीस.

आयर्लंडमध्ये याच जातकुळीची आणखी एक गोष्ट सांगतात, ती तर तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रायन नावाचा एक टोपल्या विणणारा. जवळपासच्या फांद्या संपल्या म्हणून तो एका दरीत जातो. ती दरी पऱ्यांची, तिथे कुणी पाऊल टाकत नाही. फांद्या तोडून मोळ्या बांधतो तोच असं दाट धुकं उतरतं की हाताला हात दिसेना. लांबवर एक दिवा दिसतो. तिथं एक म्हातारा-म्हातारी, त्याला आत घेतात, शेकोटीपाशी बसवतात आणि म्हणतात, सांग एखादी गोष्ट. ब्रायन म्हणतो, मी जन्मात कधी गोष्ट सांगितलेली नाही. बरं, म्हातारी म्हणते, मग निदान विहिरीवरून बादलीभर पाणी तरी आण.

तो विहिरीपाशी जातो आणि वाऱ्याचा असा झोत येतो की त्याला उचलून दूर भिरकावतो. पडतो तिथं ना विहीर, ना बादली. पुन्हा लांबवर एक दिवा. त्या घरात कुणी तरी वारलंय, माणसं रात्र जागवत बसलीयत. काळ्या कुरळ्या केसांची एक मुलगी उठून म्हणते, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायला दुसरा कशाला हवा, ब्रायन आलाय ना! ब्रायननं जन्मात फिडल हातात धरलेलं नाही. पण ते त्याच्या हाती देतात आणि तो वाजवतो, कुणी कधी ऐकलं नसेल असं. मग धर्मगुरू हवा असतो. ब्रायन आहे ना! तो प्रार्थनाही चालवतो. मग शवपेटी उचलणाऱ्या चौघांतला एक फार उंच निघतो, पेटी तिरपी होते. त्याचे पाय कापून बेताचे करायला डॉक्टर हवा. ब्रायन आहे ना! तेही तो करतो. शेवटी पुन्हा वारा उचलतो आणि त्याला त्याच विहिरीपाशी आणून टाकतो. बादली तिथंच आहे. तो पाणी घेऊन आत जातो, आणि ती दोघं म्हणतात, आता कुणी गोष्ट मागितली तर तुझ्याकडे आहे.

पाहिलंस? 'माझ्याकडे गोष्ट नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला कुणी गोष्ट शिकवली नाही. त्याला बाहेर पाठवलं, पाणी आणायला, साध्या कामाला.

तू म्हणशील, आपल्याला कुठला वारा उचलून नेतोय. पण वृंदा, तुझ्याच पत्रात पुढच्या पानावर काय लिहिलंयस ते आठव. ऑफिसात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवे गेले, आत तू आणि एक अनोळखी म्हातारे गृहस्थ, आणि ते अंधारात हळूच गाणं म्हणायला लागले. कारण त्यांना वाटलं तू घाबरलीस, आणि तुला वाटत होतं तेच घाबरलेत! हे तू मला चार ओळींत उरकलंस आणि वर लिहिलंस की सईला सांगायला काही नाही. अगं, ती लिफ्ट सईच्या हाती दे. ती विचारेल, लिफ्टच्या खाली काय होतं? गाणं कुठलं होतं? ते आजोबा खरे होते का? उत्तर तुला ठाऊक असायलाच हवं असं नाही. तिलाच विचार, ती कोठीतून काढून आणेल.

आणि आता तो कुत्रा. फोनवरच्या गोष्टी वाईट असतात असं मी म्हणत नाही. आवाज चांगले असतात, संगीत असतं, सांगणाऱ्यांनी मेहनत घेतलेली असते. पण सईनं मध्येच 'का?' विचारलं तर तो आवाज थांबत नाही. ती घाबरली तर तो राक्षसाला जरा लांब नेत नाही. ती कंटाळली तर झटकन दार वाजवून कुणाला आत आणत नाही. हेन्सनकडे तेव्हा जगातले उत्तम कारागीर होते, काटेरी हेजहॉगचा माणूस करणारे, राक्षस घडवणारे. तरी प्रत्येक भागात त्यानं शेकोटीपाशी एक कुत्रा बसवला, कारण ऐकणारा अडवत नसेल तर सांगणाऱ्याचं सांगणं सुकून जातं. मला तर वाटतं, तुझी गोष्ट आटली असं तुला वाटतंय ते यामुळेच. तू सईसाठी रोज संपूर्ण, घोटीव, नवीकोरी गोष्ट तयार करून नेत होतीस आणि ती गप्प बसून ऐकत होती. सगळी भाजी तूच आणायचीस.

एक मात्र सांगते, जे घडलं ते जसंच्या तसं ओतलं की गोष्ट होते असं मुळीच नाही. त्या म्हाताऱ्यानं वर्षभर रोज सांगितलं होतं, म्हणूनच सशाच्या दिवसाला कुठून सुरुवात करायची आणि फासे किती वेळ घुमवत ठेवायचे हे त्याच्या जिभेला ठाऊक होतं. तेवढा रियाज तुझाही झालाय की. इतकी वर्षं तू तिला सांगत आलीस, ते कुठे वाया जातंय?

मालिका मिळाली तर सईला दाखव, पण भाग निवडून. 'हान्स माय हेजहॉग' आधी. 'द सोल्जर अँड डेथ'मध्ये सैतानाची पिल्लं आहेत आणि खुद्द मृत्यू आहे, ती थोडी मोठी होईपर्यंत थांब. 'द हार्टलेस जायंट' तू एकटी आधी बघ. त्यात राक्षस मरतो आणि आपल्याला त्याचंच वाईट वाटतं. सईला ते कितपत झेपेल हे तुलाच ठरवता येईल. 'अ स्टोरी शॉर्ट' दोघी मिळून बघा, आणि दगड हंड्यात पडल्यावर जरा थांबवून तिला विचार की आता यात काय काय घालायला हवं.

आणि लिफ्टची गोष्ट सांगितलीस की मला लगेच लिही. गोष्ट थोडक्यात लिहिलीस तरी चालेल, ती मला माहीत आहे. सईनं मध्ये मध्ये काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, ते मात्र एकही न गाळता लिही.

तुझी,
माधवी